शिक्षकालाही घर असते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षक दिनाच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून जे गौरवलेख प्रसिद्ध होतात, ते मी दरवर्षी आवर्जून वाचते. यंदाही वाचले. मात्र यंदा वाचताना मन वारंवार अडखळत होते, कारण बार्शीच्या एका माध्यमिक शाळेत ३५ वर्षे गणित शिकवून १९९५ साली निवृत्त झालेले माझे वडील याच श्रावणात, वयाच्या ८८ व्या वर्षी, मुलुंड येथे माझ्या घरी वारले. त्यांना कधी कोणता पुरस्कार मिळाला नाही आणि त्यांच्यावर कोणी लेखही लिहिला नाही. तशी आम्हा भावंडांची अपेक्षाही नाही. परंतु 'घरदार विसरून', 'संसाराकडे पाठ फिरवून', 'स्वतःच्या मुलाबाळांकडे न पाहता' विद्यार्थी घडवणारा जो शिक्षक या लेखांतून पुन्हा पुन्हा भेटतो, त्याच्याशी आमचे अण्णा कुठेच जुळत नव्हते, आणि तरीही ते फार चांगले शिक्षक होते. हे सांगावे आणि त्या अनुषंगाने आजच्या शिक्षकांविषयी मनात जे आले ते मांडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे.

अण्णा पक्के संसारी होते. पहाटे उठून बंब पेटवणे, नळाला पाणी येईल तेव्हा ते भरणे, तांब्यात निखारे घालून स्वतःच्या आणि आम्हा चौघा भावंडांच्या कपड्यांना इस्त्री करणे ही कामे त्यांची होती. जून उजाडला की अर्ध्या किमतीत मिळालेली जुनी पुस्तके घेऊन ते ओसरीवर बसत, सुटलेली पाने शिवून काढत आणि प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचे कव्हर घालत. दोन धाकट्या बहिणींची लग्ने त्यांनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून केली, त्याचे हप्ते आम्ही मोठे होईपर्यंत पगारातून कापले जात होते, आणि घरखर्चाच्या वहीत दर महिन्याला सर्वांत वर तोच आकडा लिहिलेला असे. शाळा सुटल्यावर ते थेट घरी येत. गावातल्या संस्था, मंडळे, सत्कार समारंभ यांत ते फारसे दिसले नाहीत, आणि त्यांच्या सहकाऱ्यांपैकी काहींना हे त्यांचे उणेपण वाटत असे.

आता थोडे मागे जाऊन सांगते. १९६० साली ते नोकरीला लागले तेव्हा खासगी शाळांतील पगाराची अवस्था काय होती, हे त्या पिढीतील शिक्षकांच्या घरी सर्वांना ठाऊक आहे. पगार संस्थेच्या हातून होई, दोन-दोन, तीन-तीन महिने होत नसे, आणि सही ज्या रकमेवर घेतली जाई तेवढी रक्कम हातात पडेलच असे नव्हते. त्या वर्षांत अण्णा संध्याकाळी अडत बाजारातील व्यापाऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करत आणि रात्री उशिरा घरी येत. आई सांगत असे की ते तेव्हा फार चिडके होते. घरात बोलत नसत आणि वर्गात छडी वापरत. १९७२ च्या दुष्काळात गृहपाठ न आणणाऱ्या एका मुलाला त्यांनी मारले आणि तो मुलगा आदल्या दिवसापासून जेवलेला नाही असे नंतर कळले, ही गोष्ट त्यांनी स्वतः मला अनेकदा सांगितली. त्यानंतर त्यांनी छडी हातात घेतली नाही. पण त्या पश्चात्तापाइतकाच महत्त्वाचा दुसराही एक बदल याच सुमारास झाला, असे मला वाटते. शासनाकडून येणारा पगार वेतन पथकामार्फत, म्हणजे पगार वाटणाऱ्या सरकारी कार्यालयामार्फत, बँकेत जमा होऊ लागला, तो पूर्ण मिळू लागला आणि ठरलेल्या वेळी मिळू लागला. शिकवण्या बंद झाल्या. अण्णा संध्याकाळी घरी दिसू लागले. माझ्या आठवणीतले हसतमुख, शांत अण्णा हे त्यानंतरचे आहेत, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणीतले गणिताचे आवडते सरही त्यानंतरचेच आहेत. माणूस तोच होता.

चांगला गृहस्थ असणे हे त्यांच्या शिकवण्याच्या आड कधी आले नाही; उलट त्यांचे बरेचसे शिकवणे घरातून उगवत असे. चक्रवाढ व्याज शिकवताना ते स्वतःच्या पतसंस्थेच्या कर्जाचे आकडे फळ्यावर मांडत आणि मग सावकाराच्या दराने तेच कर्ज किती झाले असते ते मुलांकडून काढून घेत. बार्शी हे तूरडाळीच्या गिरण्यांचे गाव, वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचे कोणी ना कोणी गिरणीत किंवा अडतीवर कामाला. त्यांच्यापैकी काहींनी ते गणित घरी नेऊन वडिलांना दाखवल्याचे अंत्यदर्शनाला आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मला सांगितले. आज ते गृहस्थ डोंबिवलीला असतात. त्यांच्या वडिलांच्या डोक्यावरचे कर्ज किती वर्षांत फिटेल, हे त्या घरात पहिल्यांदा कोणी कागदावर मांडले असेल तर ते नववीतल्या या मुलाने.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे होते. आठवी-नववीतली एखादी मुलगी शाळेत यायची थांबली की अण्णा त्या घरी जात, पण एकटे जात नसत, आईला बरोबर नेत. "मुलीच्या बापाशी मी बोलेन, पण आईशी तूच बोलायला हवं," असे ते म्हणत. आई त्या घरी स्वयंपाकघरात जाऊन बसे आणि तासाभराने दोघे परत येत. नेहमीच यश येई असे नाही. मात्र जिथे येई, तिथे त्याचे कारण अण्णांची विद्वत्ता हे नसे. या माणसाच्या स्वतःच्या दोन्ही मुली त्याच शाळेत शिकल्या, त्यांतली थोरली सोलापूरला कॉलेजात गेली आहे आणि तिच्या लग्नाची घाई त्याने केलेली नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत असे. ती थोरली मुलगी म्हणजे मी. संसार बाजूला ठेवणाऱ्या माणसाला त्या बायकांनी आदराने चहा दिला असता, परंतु आपल्या मुलीच्या बाबतीत त्याचे ऐकले असते असे मला वाटत नाही.

१९७७ च्या डिसेंबरात राज्यातील सरकारी कर्मचारी आणि शिक्षक केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून संपावर गेले आणि तो संप ५४ दिवस चालला. मी तेव्हा १२ वर्षांची होते. किराणा दुकानदाराने उधारीची वही बंद केली नाही, याबद्दल आमच्या घरात त्या माणसाचे नाव पुढे कित्येक वर्षे कृतज्ञतेने घेतले जाई. अण्णा संपात पूर्ण सामील होते. मात्र दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती, जुनी अकरावी जाऊन नव्या दहावीची परीक्षा सुरू झाल्याला तीनच वर्षे झाली होती, नव्या गणिताने मुले आणि पालक दोघेही बावरलेले होते. म्हणून संध्याकाळी आमच्या ओसरीवर दहावीची मुले जमत आणि अण्णा कंदिलाच्या उजेडात त्यांचा सराव घेत. संपकरी सहकाऱ्यांनी त्यांना त्याबद्दल विचारले होते. त्यांचे उत्तर असे होते की संप मी शाळेत केला आहे, माझ्या घरी कोणी यावे हा माझ्या घरचा प्रश्न आहे. त्या ५४ दिवसांत आईने घरातल्या सहा माणसांच्या चहातून उरवून त्या मुलांना चहा दिला. हा त्याग होताच. पण तो करताना हा काळ कधीतरी संपेल आणि पगार पुन्हा सुरू होईल, हे त्या दोघांना ठाऊक होते. आज अनेक शिक्षकांच्या घरात नेमकी हीच खात्री उरलेली नाही, आणि माझ्या पत्राचा रोख तिकडे आहे.

शिक्षकाची निष्ठा आणि त्याचा चरितार्थ यांचा संबंध आपल्याकडे कोणालाच दिसला नाही असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याचा पगार कोणत्याही परिस्थितीत १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी तो १५ ते २० रुपये असावा, असे स्वच्छ आकडे देऊन सांगितले आहे. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल यांसारखी कामे शिक्षकाकडे सोपवल्यास गावात त्याचे वजन वाढेल, असेही त्यांनी सुचवले होते. मला जोतीरावांचे मोठेपण इथे फार जाणवते. ज्यांनी स्वतः आणि सावित्रीबाईंनी लोकांचे शेण-दगड झेलून शाळा चालवल्या, त्यांनी इतर शिक्षकांकडून तशाच आत्माहुतीची अपेक्षा केली नाही. त्यांनी पगाराचा आकडा मागितला.

पुढच्या काळात मात्र आपल्या मनात शिक्षकाची जी मूर्ती पक्की झाली, ती साने गुरुजींची आहे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत आणि छात्रालयात त्यांनी मुलांवर जी माया केली, तिच्यापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. पण गुरुजींनी लग्न केले नव्हते, संसार मांडला नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मांडला होता, आणि त्यांच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने व शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. आपण ही गोष्ट भाषणांतून सांगतो तेव्हा आपला ऊर भरून येतो. मला ती ऐकताना दरवेळी लक्ष्मीबाईंचे दुःखही दिसते. अशा असामान्य माणसांचे आयुष्य सामान्य शिक्षकासाठी मोजपट्टी म्हणून वापरले, की त्याच्या घरातल्या माणसांनी काय सोसायचे याला मर्यादाच राहत नाही.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, १९९८ साली, आईला अर्धांगवायूचा झटका आला. तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही बरीचशी गेली. त्यानंतर ११ वर्षे, ती जाईपर्यंत, अण्णांनी तिचे सर्व काही केले. तिला अंघोळ घालणे, तिची वेणी घालणे, घास भरवणे, दुपारी कूस बदलून देणे. वेणी घालायला ते आमच्या शेजारच्या काकूंकडून शिकले आणि पहिल्या दिवशी ती नीट जमली नाही म्हणून रात्री उशाशी दोरीचे तीन पदर घेऊन सराव करत बसले होते. तिची वाचा परत यावी म्हणून ते तिच्यासमोर बसून पाढे म्हणत. बोलणे गेलेल्या माणसालाही लहानपणी पाठ केलेले कधी कधी म्हणता येते, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. आई फक्त चौथीपर्यंत शिकलेली होती. पण पावकी, निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, तिला पाठ होती, आणि एका संध्याकाळी तिने अण्णांच्या मागोमाग निमकीच्या चार ओळी म्हटल्या. त्या दिवशीच्या हिशेबाच्या वहीत खर्चाखाली अण्णांनी तारीख घालून तेवढेच लिहून ठेवले आहे. ती वही आता माझ्याकडे आहे.

आम्ही चौघेही तेव्हा नोकरी-संसारात, दोघे पुण्याला आणि दोघी मुंबईला. मी सुट्टी काढून सिद्धेश्वर एक्सप्रेसने कुर्डुवाडीला उतरत असे आणि तिथून बार्शीला जात असे. सुरुवातीच्या वर्षांत अजून ती अरुंद रुळांची छोटी गाडी चालू होती. आम्ही पैसे देऊ केले तर अण्णा घेत नसत. "माझी पेन्शन आहे," एवढेच म्हणत. औषधे, फिजिओथेरपी, दिवसा येणारी बाई, हा सारा खर्च त्या निवृत्तिवेतनातून चालला. ३५ वर्षे नोकरी केलेल्या या माणसाने ३० वर्षे निवृत्तिवेतन घेतले, आणि या ३० वर्षांत त्याला कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

मी स्वतः फोर्टमधील एका बँकेत ३६ वर्षे नोकरी केली, त्यांतली बरीच वर्षे पेन्शनच्या काउंटरवर. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी येणाऱ्या वृद्धांत निवृत्त शिक्षक मला चटकन ओळखू येत. शर्टाला इस्त्री, खिशाला पेन, आणि फॉर्म आमच्या हातात देण्यापूर्वी स्वतः दोनदा वाचून पाहिलेला. त्याच बँकेत दुसऱ्या काउंटरवर गेल्या काही वर्षांत तरुण शिक्षक घरकर्जाची चौकशी करायला येत. कोणी शिक्षणसेवक, कोणी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, कोणी २० टक्केच सरकारी अनुदान मिळणाऱ्या शाळेत. त्यांची वेतनचिठ्ठी पाहून काय सांगावे लागे, ते मी इथे लिहीत नाही.

महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना २००० साली आली. प्राथमिकला महिना ३,००० रुपये, माध्यमिकला ४,००० आणि उच्च माध्यमिकला ५,००० रुपये मानधनावर तीन वर्षे काम करायचे, मग वेतनश्रेणी. हे मानधन जानेवारी २०२३ पासून अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० रुपये झाले. पदवी, बी.एड. आणि पात्रता परीक्षा होईपर्यंत वयाची २५-२६ वर्षे उलटलेली असतात. त्यापुढची तीन वर्षे, म्हणजे लग्न आणि घर उभे करण्याची वर्षे, या रकमेवर काढायची. मुंबईतल्या शाळेत लागलेला असा शिक्षक राहायला बदलापूरला किंवा टिटवाळ्याला जातो आणि पहाटेची गाडी पकडतो. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची स्थिती याहून कठीण आहे. २००१ साली 'कायम विनाअनुदानित', म्हणजे नव्या शाळांना पुढेही अनुदान नाही, असे धोरण आले, २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द वगळला गेला, आणि तेव्हापासून अनुदानाचे टप्पे मोजण्यात कित्येकांची निम्मी नोकरी संपली आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. त्याआधी नेमणूक होऊनही शाळेला पूर्ण अनुदान नंतर मिळाले म्हणून ज्यांना ते नाकारले गेले, त्यांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून बँकेत जाताना विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत आझाद मैदानावर हे शिक्षक बसलेले मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. पावसात, ताडपत्रीखाली, कधी बायको आणि लहान मुलांसह. एका वर्षी एक शिक्षक त्या गर्दीत बसून उत्तरपत्रिका तपासत होता. मी थांबून विचारले तेव्हा तो म्हणाला, "चाचणीचे गुण सोमवारी द्यायचे आहेत, ताई." तो मराठवाड्यातून आला होता, विज्ञान शिकवत होता आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीला जात होता. १९६५ सालचे अण्णा असेच असणार, असे मला त्या दिवशी वाटले आणि मी बँकेत पोहोचेपर्यंत डोळे पुसत होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. पूर्ण वेतन आणि निवृत्तिवेतन असलेले काही शिक्षकही मन लावून शिकवत नाहीत, असे पालक म्हणतात. मी अशा शिक्षकांच्या हाताखाली शिकले आहे, त्यामुळे हे नाकारत नाही. पगार दिला की निष्ठा येतेच, असा माझा दावा नाही. पण घरातल्या डब्यात पीठ आहे की नाही हे ज्याला सकाळी पाहून निघावे लागते, त्याच्याकडून ती मागण्याचा अधिकार समाजाला नाही, एवढे मी म्हणेन. शिवाय शिकवण्यासाठी त्याला वेळ तरी कुठे राहतो? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. अण्णांनी १९६१ पासून चार जनगणनांत प्रगणक म्हणून काम केले आणि ते त्यांना आवडत असे, कारण त्या निमित्ताने विद्यार्थ्यांची घरे आतून पाहायला मिळत. पण तेव्हा ते दहा वर्षांतून एकदा येई. आता मुंबईतला शिक्षक निवडणुकीच्या याद्या, ऑनलाइन माहिती भरणे आणि निरनिराळी सर्वेक्षणे यांतच गुंतलेला असतो, असे मी लोकलच्या प्रवासात नेहमी ऐकते.

आपल्याला एक विनंती आहे. पुढील वर्षीच्या शिक्षक दिनाच्या पुरवणीत ज्या शिक्षकांचा परिचय आपण प्रसिद्ध कराल, त्यांच्या नावाखाली विषय आणि पुरस्कार यांच्याबरोबर आणखी चार गोष्टी, त्यांच्या संमतीने, छापाव्यात: नेमणूक कायम आहे की तासिकेवर, शाळा अनुदानाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला, आणि त्या पगारावर घरात किती माणसे जेवतात. अण्णांच्या हिशेबाच्या वहीत प्रत्येक महिन्याच्या पानावर या शेवटच्या दोन नोंदी असत, आणि मी बार्शीहून आणलेल्या २६ वह्यांत त्या एकाही महिन्याला चुकलेल्या नाहीत.

आपली विश्वासू,
एका शिक्षकाची मुलगी
मुलुंड (पूर्व), मुंबई